साइमीचं डावं मनगट

मिर्काचं पत्र आलं त्याला या नोव्हेंबरात आठ वर्षं झाली, आणि एल्यास कोर्पेलानं अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते कुठं आहे हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दुसऱ्या फळीवर, पक्ष्यांच्या जाड कोशात, बदकांच्या पानाशी. ते पान उघडायला नको म्हणून आठ वर्षं त्यानं बदकांविषयी एक ओळ वाचली नव्हती.

पत्र दोन पानांचं होतं, आणि न उघडताही ते त्याला जवळजवळ पाठ होतं.

‘एल्यासकाका, मी साइमी पूस्तिनेनची मुलगी. तुम्ही गुरुवारी पुस्तकांची गाडी ढकलत आईच्या वॉर्डात यायचात, तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी बसलेली असायचे. आई जाऊन वर्ष झालं. तिचे इस्पितळातले कागद मी मागवून घेतले. त्यातला एक सोबत पाठवतेय. खाली तुमची सही आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय.’

तो कागद म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीतून प्रयोगशाळेकडे नमुन्याबरोबर येणारी चिठ्ठी होती. वर सर्जनच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं: ‘डावं मनगट, करंगळीच्या बाजूच्या हाडाचं टोक. सहा आठवड्यांपूर्वी मोडलेलं. कारण अज्ञात. रुग्ण बोलू इच्छित नाही. मोडलं तेव्हा पती हजर.’ खाली ‘नमुना मिळाला’ आणि एल्यासची बारीक, लाजल्यासारखी सही.

‘मी तेव्हा पंधरा वर्षांची होते,’ मिर्कानं पुढं लिहिलं होतं. ‘फेब्रुवारीतला शनिवार होता. माडीच्या खिडकीतून मी पाहिलं, बाबा आईला डाव्या हाताला धरून बर्फावरून ओढत आणत होते आणि आई किंचाळत होती. विचारलं तर दोघंही म्हणाले, काही नाही झालं. त्याच्या आधीही रोज पहाटे त्यांच्या खोलीतून आईचं ओरडणं ऐकू यायचं, आणि दाराला आतून कडी असायची. शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. कुणी कधी काही विचारलं नाही. मीही नाही. मला एवढंच सांगा. हाड रोगानं मोडतं, की माणसानं मोडावं लागतं? तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं उत्तर येईपर्यंत मी बाबांच्या दारात पाय ठेवणार नाही.’

पहिल्या आठवड्यात एल्यासनं स्वतःला सांगितलं की आपण डॉक्टर नाही. संधिवाताच्या इस्पितळात तो छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत होता खरा, पण त्याचं काम नमुन्यांचे काप काढून काचेवर चढवण्याचं. काय दिसतं ते लिहायचे दुसरेच. गुरुवारची पुस्तकांची गाडी ही नुसती हौस. दुसऱ्या आठवड्यात त्याला पत्राचाच संशय आला. एवढे मोठमोठे डॉक्टर असताना ही बाई मलाच का विचारते? वकील गाठला असेल. माझं उत्तर कुठल्या तरी फायलीत जाऊन बसेल. तिसऱ्या आठवड्यात खरं कारण वर आलं, आणि ते त्याला बिलकूल आवडलं नाही. त्याचा स्वतःचाच कालेर्वो पूस्तिनेनवर संशय होता. कालेर्वो वॉर्डच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहायचा, खुर्ची दिली तरी बसायचा नाही, आणि साइमीला काही विचारलं की तिच्याआधी हाच म्हणायचा, “बरी आहे.” एल्यासच्या मनात तो माणूस तेव्हापासूनच खुपत होता. मग सहा महिने उलटले, आणि उशिराचीच इतकी लाज वाटू लागली की उत्तर देणं अशक्य होऊन बसलं.

मंगळवारी खालच्या मजल्यावरची हिल्का कॉफीला आली. ती त्याच इस्पितळात वॉर्ड सिस्टर होती. इस्पितळ बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी एल्यास तिला अजून ‘सिस्टर’च म्हणायचा.

“कालेर्वो पूस्तिनेन पायरीवरून पडला,” खुर्चीत टेकता टेकता तिनं सांगितलं. “चार तास अंगणात पडून होता. टपालवाल्या बाईला दिसला म्हणून वाचला.”

“मोडलं काही?”

“त्याचं? ट्रॅक्टर अंगावर गेला तर ट्रॅक्टर मोडेल. बरगड्या दुखावल्यात, बाकी काही नाही. पण शहाऐंशी वर्षांचा आहे, हिवाळाभर त्याला एकट्याला ठेवणार नाहीत. इथल्या वृद्धाश्रमात जागा नाही. महिनाअखेर पार उत्तरेला धाडणार. तिथं कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही त्याच्या.”

“आणि मुलगी?”

“आरोग्य केंद्रातून फोन केला होता तिला. घर मोठं आहे तिचं, नवरा भला आहे. पण ती म्हणाली, मी एका पत्राची वाट बघतेय. आठ वर्षं वाट बघतेय म्हणे! असलं कसलं पत्र, देव जाणे.”

हे म्हणताना हिल्का त्याच्याकडे बघत नव्हती. वेलदोड्याच्या पावावरची साखर बोटानं टिपत होती. एल्यासला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. मग वाटलं, नाही, ठाऊक असतं तर ती एव्हाना ओरडली असती. त्यानं कॉफी ओतली ती थोडी बशीत, थोडी टेबलावर.

“सिस्टर, तो तिला मारत असेल?”

“चाळीस वर्षांत मारणारे पुष्कळ बघितले मी. ते बायकोचा हात हातात घेऊन खाटेपाशी बसतात, सगळ्यांना दिसेल असे. हा दारात उभा राहायचा.”

“म्हणजे नसेल मारत?”

“म्हणजे मला माहीत नाही. न मारणारेही हात धरतातच की. तू जन्मात कुणाचा धरला नाहीस, तुला काय सांगायचं!” तिनं फडकं घेऊन टेबल पुसलं. “आणि तू एवढा का विचारतोयस रे?”

“सहज.”

“तू सहज कधी पाणीसुद्धा मागत नाहीस,” हिल्का म्हणाली, आणि दुसरा पाव घेतला.

ती गेल्यावर एल्यासनं पलंगाखालून लाकडी पेटी ओढली. इस्पितळ बंद झालं तेव्हा जुन्या काचपट्ट्या कचऱ्यात जाणार होत्या. शिकवण्यासाठी वापरलेल्या दोनशे त्यानं घरी आणल्या होत्या. विचारून आणल्या होत्या की नुसत्या आणल्या होत्या, हे त्याला आता नक्की आठवत नव्हतं, आणि त्याचीही एक भीती होतीच. साइमीची पट्टी त्यांच्यात होती. काचेवर नाव नव्हतं, फक्त ४४७१. त्यानं स्वतःची जुनी वही काढली. ४४७१, डावं मनगट, हाडाचं टोक, सा. पू. जुळलं. तरी त्यानं पुन्हा पाहिलं, एकाचा सात आणि साताचा एक झाला नाही ना. मग तिसऱ्यांदा पाहिलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

लिलावात घेतलेलं सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवून त्यानं डोळा लावला.

हाडाचा काप असा सहज निघत नाही. आधी ते कित्येक दिवस आम्लात मुरत ठेवावं लागतं, मऊ झालं की मेणात बसवायचं, मग पात्यानं केसाहून पातळ काप. या तुकड्याची गोष्ट वेगळी होती. तो फार लवकर मऊ झाला होता. आम्लाला विरघळवायला त्यात फारसं काही उरलंच नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं की आम्लाचं प्रमाण आपणच चुकवलं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

निरोगी सांध्याला आतून एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. सांधा बुळबुळीत ठेवणारा रस पाझरणं, एवढंच त्याचं काम. साइमीच्या रोगात शरीराच्याच रक्षक पेशी या अस्तरावर चालून येतात. का, ते कुणी एल्यासला धड सांगू शकलं नव्हतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि मग ते जागच्या जागी राहत नाही. दगडावर शेवाळ चढावं तसं ते सांध्याच्या कडेनं कूर्चेवर चढतं. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत पांढरी गादी. हे अस्तर तिच्यावर असे रस सोडतं की गादी विरघळत जाते, आणि एकदा गेली की परत येत नाही. हाडाचं तर आणखी वाईट. कूर्चा जिथं संपते तिथं हाडाची कड उघडी असते, आणि अस्तर नेमकं तिथून आत शिरतं. हाड कुरतडणाऱ्या पेशी ते चेतवतं, आणि हाडात बिळं पडत जातात. क्ष-किरणांच्या फोटोत ती उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात. दुखणं कमी झालं म्हणजे हे थांबलं, असंही नाही. माणूस “बरं आहे” म्हणत असतो आणि आत काम चालूच असतं.

काचेवर ते सगळं होतं. गुलाबी हाड, त्याच्यात जांभळ्या पेशींनी गच्च भरलेली बिळं, आणि मधून मोडल्याची वेडीवाकडी रेघ. बिळं रेघेच्या दोन्ही अंगांना होती. सहा आठवड्यांत असली बिळं पडत नाहीत, त्यांना वर्षं लागतात. हाड मोडण्याआधीच ते संपलेलं होतं.

मग उत्तर तयारच होतं म्हणायचं. रोगानं मोडलं. एल्यासनं कागद पुढं ओढला, ‘प्रिय मिर्का’ लिहिलं, आणि पेन थांबलं. पोखरलेलं हाडही कुणीतरी पिळलं तर मोडतंच की. किंबहुना अशा बाईवर हात टाकणारा माणूस अधिकच वाईट. काचेवर रोग दिसत होता, माणूस दिसत नव्हता. खिडकीतून त्या मुलीला मात्र माणूस दिसला होता.

शनिवारी तो बसनं कालेर्वोच्या शेतावर गेला. उत्तर द्यायचं तर आधी त्या माणसाला जवळून बघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. वाटेत दोन वेळा उतरून परत फिरावंसं वाटलं, पण परतीची बस तीन तासांनी होती.

कालेर्वो दारातच उभा होता, छातीला पट्टा बांधून.

“कोण?”

“एल्यास कोर्पेला. इस्पितळातला. पुस्तकांची गाडी आणायचो.”

कालेर्वोनं त्याला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. “मुलीनं पाठवलं?”

“नाही.”

“मग नगरपालिकेनं. मला उत्तरेला धाडायची सही घ्यायला.”

“नाही हो. सहज आलो.”

“इतक्या लांब सहज?” कालेर्वोच्या भुवया वर चढल्या. “विमा विकता का?”

एल्यासनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. शेवटी म्हाताऱ्यालाच त्याची दया आली असावी.

“आलात तर चला,” तो म्हणाला. “सौना तापलीय.”

“पण तुमच्या बरगड्या... डॉक्टरांनी परवानगी दिली?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? शनिवार आहे.”

शनिवारी कुणी सौनेला, वाफेच्या न्हाणीला, बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. एल्यास त्याच्यामागून उतारावरून तळ्याकाठच्या लाकडी खोपटाकडे गेला. चालता चालता त्यानं चोरट्या नजरेनं सगळं टिपलं. खोपटाच्या दाराला गोल मूठ नव्हती, कोपरानं दाबून उघडेल असा लांब दांडा होता. आत पाण्याच्या डवलीचा दांडा लोकरीच्या जाड पट्टीनं गुंडाळून मनगटाएवढा केलेला. बाकाला जिथं दोन पायऱ्या असतात तिथं चार होत्या, ठेंगण्या आणि रुंद. पट्टीची लोकर काळी पडून गुळगुळीत झाली होती. नऊ वर्षांपूर्वी बाई गेली, आणि यानं यातलं काही काढलं नव्हतं. अपराधी माणूस जपून ठेवतो असं? एल्यासच्या मनात आलं. की अपराधीच ठेवतो?

दोघं उघड्या अंगानं बाकावर बसले. कालेर्वोनं दगडांवर पाणी टाकलं, वाफ कानशिलांशी आली. मग एल्यासनं गुडघ्यांकडे बघत, शाळेत उभं केल्यासारखं सांगून टाकलं, “साइमीबाईंच्या मनगटाच्या हाडाचं टोक काढलं होतं ना, ते माझ्या टेबलावर आलं होतं. त्याचे काप मीच केले. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.”

कालेर्वोचा डवलीवरचा हात थांबला.

“मग दिसलंच असेल तुम्हाला.”

“काय?”

“माझा हात.”

एल्यास बाकावर जरा सरकून बसला. म्हणजे खरंच, त्याला वाटलं. आठ वर्षं आपला संशय बरोबर होता. आणि आपण या माणसाबरोबर एका बाकावर उघडेवाघडे बसलोय, दार त्याच्या बाजूला आहे. “काय केलंत तुम्ही?” त्यानं विचारलं.

“ओढली तिला.”

“का?”

“वर येईना म्हणून.” कालेर्वोनं पाणी टाकलं. “भोकातून.”

तो सांगू लागला तसं एल्यासला कळत गेलं, की या माणसानं हे याआधी कुणालाच सांगितलेलं नाही. शब्द एकेक करून, लांबून आणल्यासारखे येत होते. फेब्रुवारी होता. तळं गोठलेलं, आणि धक्क्याशी बर्फात डुंबण्यासाठी भोक पाडलेलं. सौनेतून निघून तिथं गळ्यापर्यंत उतरायचं, हे साइमी लहानपणापासून करत आली होती. डॉक्टरांनी ते सक्त बंद केलं होतं.

“म्हणाली, एकदाच. मी म्हटलं, वेडी आहेस का? म्हणाली, हो. उतरली. हसत होती पाण्यात. आणि मग गुडघे वाकेनात. शिडीची पायरी चढता येईना. ओठ निळे पडले. काठ धरायला गेली, पण बोटं वळली तर धरणार! मी पालथा पडलो आणि हाताला लागलं ते धरलं. मनगट. ओढलं. आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. मला कळलं काय मोडलं ते. सोडता येईना. सोडलं असतं तर खाली गेली असती. तसंच धरून बाहेर काढली, आणि पाय उचलेनात म्हणून तसंच ओढत उतारावर आणली. ओरडत होती.”

“हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“तिनं शपथ घातली. म्हणाली, भोकात उतरले हे कळलं तर सौनासुद्धा बंद करतील. मग जगून काय करू?” कालेर्वोच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. “मग डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, काही नाही, असंच. मला विचारलं. मी काय बोलणार? मी होतो, म्हटलं, तेव्हा.”

“आणि पहाटे? पहाटे ओरडायच्या त्या?”

कालेर्वोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “हे कुणी सांगितलं?”

एल्यासनं पुन्हा गुडघ्यांकडे पाहिलं.

“मुठी उघडायच्या नाहीत तिच्या सकाळी. लाकूड व्हायच्या. कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवावं लागायचं, तास-तास. गाई वाट बघत असायच्या. ती किंचाळायची, आणि मी थांबलो की म्हणायची, थांबलास तर याद राख. मग कपडे घालून द्यायचे. कडी लाव म्हणायची. पोरीनं मला बाहुलीसारखी सजवलेली बघायची नाही, म्हणायची.”

“मग हे मिर्काला...”

“तिनं विचारलं नाही.”

“तुम्ही सांगायचं.”

“काय सांगू? मी मोडलं नाही म्हणून? मोडलंच की. तुम्ही तर पाहिलंयत.”

एल्यासच्या ध्यानात आलं की या माणसाला खरंच वाटतंय, आपली पाच बोटं त्या काचेवर उमटलेली आहेत, आणि इस्पितळातल्या शहाण्या लोकांनी ती अडतीस वर्षांपूर्वीच पाहून ठेवली आहेत. मुलगी येत नाही ते त्याच्या लेखी बरोबरच होतं. भोगायचं तेवढं भोगत होता.

“नाही दिसत तो हात,” एल्यास म्हणाला. “मी परवाच पुन्हा पाहिलं. हाड आतून पोखरलेलं होतं. सांध्याचं अस्तर सुजून आत शिरलं होतं, वर्षानुवर्षं खात होतं. एप्रिलातला बर्फ असतो ना तळ्यावर? वरून अखंड दिसतो, आत नुसती जाळी. तसं.”

“म्हणजे मी ओढलं नसतं तरी मोडलं असतं?”

“बादली उचलताना मोडलं असतं. दार लोटतानासुद्धा. कदाचित.”

“कदाचित?”

“मी डॉक्टर नाही.”

“तुम्हा इस्पितळवाल्यांना सरळ बोलायचं औषध नाही,” कालेर्वो म्हणाला. पण डवली त्याच्या हातात बराच वेळ रिकामीच राहिली, आणि तो घाम पुसत होता की डोळे, ते त्या वाफेत कळण्यासारखं नव्हतं.

कपडे घातल्यावर एल्यास एकटाच धक्क्यावर गेला. सौनेतला विश्वास बाहेरच्या वाऱ्यात टिकेना. गोष्ट फारच नेटकी जुळत होती. तळं अजून गोठलं नव्हतं. पाण्यात उतरणारी शिडी होडी ठेवायच्या खोपटाच्या मागं होती. तो शिडीपाशी उभा राहिला आणि वळून घराकडे पाहिलं. माडीची खिडकी दिसेना, मधे त्या खोपटाचं छप्पर आलं. चार पावलं उताराकडे चालला, आणि खिडकी पूर्ण दिसू लागली. म्हणजे तिथून पोरीला उतार दिसला असणार, भोक नाही. यानं कालेर्वो खरं बोलला हे सिद्ध होत नव्हतं. खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं, एवढंच कळत होतं. स्वतःला सोडवायला खोटं बोलतात. हा तर सगळं स्वतःवर घेत होता.

“मी मिर्काला लिहिणार आहे,” निघताना तो म्हणाला. “तिचं पत्र आलं होतं मला. आठ वर्षांपूर्वी.”

हे सांगताना त्याला वाटलं होतं, म्हातारा आता दंड धरेल. कालेर्वोनं हात खिशात घातले.

“आठ वर्षं,” तो म्हणाला. “आणि लोक मला मुका म्हणतात.” मग छातीचा पट्टा सावरत, “लिहा. पण ते भोकाचं लिहू नका. तिला आवडणार नाही.”

“मिर्काला?”

“साइमीला.”

बसमध्ये एल्यास हाच विचार करत बसला. भोकाचं लिहिलं नाही तर पत्रात राहतं काय? एक हाड, एक रोग, आणि बर्फावरून बायकोला ओढणारा एक नवरा, होता तसाच. घरी येऊन त्यानं रविवारभर लिहिलं. पहिला मसुदा प्रयोगशाळेच्या अहवालासारखा झाला, तो फाडला. दुसऱ्यात त्यानं स्वतःची इतकी माफी मागितली की साइमीला जागाच उरली नाही. तिसऱ्यात ‘कदाचित’ सात वेळा आलं. सोमवारी सकाळी त्यानं चौथा कागद घेतला.

‘प्रिय मिर्का, हे पत्र आठ वर्षं उशिरा येतंय, आणि तो उशीर माझा आहे. मी तुझ्या वडिलांवर संशय घेतला आणि तो सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून गप्प राहिलो. तू विचारलं होतंस, हाड रोगानं मोडतं की माणसानं? दोन्ही. मी पाहिलं ते हाड आतून खाल्लेलं होतं, आणि ते खाणं त्या शनिवारच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालं होतं. ते तुझ्या वडिलांच्या हातात मोडलं, हेही खरं. तू खिडकीतून पाहिलंस तेही खरं होतं, पण तू अर्धंच पाहिलंस, कारण तुझ्या आणि पाण्याच्या मधे होडीचं खोपटं होतं. आता जे लिहितोय ते तुझ्या आईला लिहिलेलं आवडलं नसतं...’

आणि त्यानं भोकाचं लिहिलं, शिडीचं लिहिलं, कोमट पाण्याचं आणि आतल्या कडीचं लिहिलं. आपण स्वतः काय पाहिलं आणि नुसतं काय ऐकलं, ते वेगवेगळं लिहिलं. शेवटी एकच ओळ घातली: ‘त्यांना तीस तारखेला उत्तरेला नेणार आहेत.’ सही केली, ती नेहमीसारखी बारीकच आली.

जिन्यात हिल्का उभी होती. तिची नजर पाकिटावर गेली, पत्त्यावर गेली, मग त्याच्या चेहऱ्यावर.

“तरीच,” ती म्हणाली. “तूच होतास होय रे तो!”

“सिस्टर, ओरडायचं असेल तर नंतर ओरडा.”

“ओरडेन ना. आधी तिकीट नीट चिकटलंय का बघ. तुझा काय भरवसा!” तिनं पाकीट हिसकून घेतलं, तिकिटावर अंगठा दाबला, परत दिलं, आणि घरातल्या चपला न बदलता तशीच त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली.

टपालपेटीच्या फटीत पाकीट धरून एल्यास क्षणभर थांबला. कालेर्वोला दिलेला शब्द नव्हता तो, त्यानं हो म्हटलंच नव्हतं. तरी साइमीला काय वाटलं असतं? हिल्कानं कोपरानं त्याला ढोसलं, आणि त्यानं हात सोडला.

“पडलं?”

“पडलं वाटतं.”

“वाटतं!” हिल्का म्हणाली, झडप उचलून वाकून आत डोकावली, आणि सरळ होत म्हणाली, “पडलं.”